चुन्याचा गोल

रॉकेट पडलं की आमच्या घरी भुरजी व्हायची. वाचणाऱ्याला गंमत वाटेल, पण त्या हिवाळ्यात आमच्याकडे इतकी भुरजी झाली की बाबा कामावर डबा उघडायच्या आधीच ओळखायचे. संध्याकाळी आल्या आल्या चपला काढताना विचारायचे, "काल पण पडलं काय गं?" मी उत्तर द्यायच्या आत आई शिलाई मशीनवरून म्हणायची, "पडलं कसलं, तुमच्या लेकीनं पाडलं." मी अकरावी सायन्सला होते. कॉलेजातल्या एका सरांना रॉकेटचं वेड होतं आणि त्यांनी ते आम्हा चार-पाच जणांना लावून दिलं होतं. पुठ्ठ्याचं, हातभर लांबीचं रॉकेट. त्याचं इंजिन म्हणजे बंद डबीतून येणारी, आत दारू ठासलेली जाड नळी, ती सर बाहेरून मागवायचे आणि मोजून हातात ठेवायचे. रॉकेटच्या डोक्यात प्लास्टिकची पारदर्शक बाटली बसवायची, तिच्यात कापूस आणि कापसात कच्चं अंडं. ते अंडं वर न्यायचं आणि पॅराशूटने खाली आणून जमिनीवर चुन्याने आखलेल्या गोलात उतरवायचं, न फुटता. स्पर्धा होती ती याची. किती उंच गेलं याला सर काडीची किंमत देत नसत. "वर काय, दिवाळीतला बाणही जातो," ते म्हणायचे, "तो खाली कुणाच्या गवतावर पडणार ते सांगा."

आमचं घर खरवईला. घर बैठं, कौलारू, पुढे ओटा, मागे आंब्याची दोन झाडं, आणि आजूबाजूला टॉवर उठत होते. दिवसभर सिमेंटच्या मिक्सरची घरघर, आणि घरात आईच्या मशीनची. उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्सचे कापलेले खिसे गठ्ठ्याने यायचे, आई ते शिवून परत पाठवायची. ते गठ्ठे आणायचा-न्यायचा नाना. नाना म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, का केलं नाही ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि आई विचारायची तेव्हा म्हणायचा, "वैनी, तुज्या हातचा सुकट सोडून जावाला मी काय येडा हाय?" त्याचा स्वतःचा छोटा टेम्पो होता. टेम्पो मागे घेताना त्यातून एक भक्तिगीताची बारीक धून वाजायची, ती ऐकली की आई तव्यावर तांदळाची भाकरी टाकायची. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. ते कमी बोलायचे, नाना दोघांचं मिळून बोलायचा.

पॅराशूटचं कापड नानानेच मिळवून दिलं. मला घेऊन तो उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे गेला आणि ऐटीत म्हणाला, "शेठ, रॉकेट के पॅराशूट का कपडा दिखाव." शेठने चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "अस्तर ला रे, घागरेवाला." मग मला म्हणाला, "बेटा, इससे हलका पूरे उल्हासनगर में नहीं मिलेगा. लेकिन साईं, ऊपर से कौन आनेवाला है?" नाना म्हणाला, "अंडा." शेठ इतका हसला की त्याने वर एक मीटर फुकट फाडून दिलं. गुलाबी रंगाचं अस्तर होतं. आईने त्याचे तुकडे गोलाईत जोडले, कडेला दोऱ्या शिवल्या, आणि मी मधोमध भोक ठेवायला सांगितलं तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला साडी फाडायला सांगतेय. पण ते भोक लागतं. भोक नसलं तर पॅराशूट डुलत डुलत पार दुसऱ्याच्या शेतात जातं. भोक मोठं झालं तर दणकन खाली येतं आणि भुरजी.

त्या खेळातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे नेम, आणि माझा जीव त्यातच अडकला होता. लोकांना वाटतं रॉकेट वाऱ्याबरोबर जातं. नाही. जोवर इंजिन जळतंय तोवर ते वाऱ्याच्या तोंडावर धावून जातं, कारण वारा त्याची शेपूट ढकलतो आणि नाक वारा येतो तिकडे वळतं. मग वर पॅराशूट उघडलं की तोच वारा त्याला उचलून परत आणतो. जाताना किती पुढे जाईल आणि येताना किती मागे येईल, हे दोन्ही सारखं जुळवलं तर अंडं जिथून उडालं तिथेच उतरतं. त्यासाठी खालची सळई, जिच्यावरून रॉकेट सुटतं, ती किंचित कलती करायची. किती किंचित, हे वारा बघून. खालचा वारा कळतो, धूळ उडवली की झालं. वरचा कसा बघायचा? तर बाबांच्या कंपनीची चिमणी आमच्या ओट्यावरून दिसायची. तिचा धूर मला सगळं सांगायचा. धूर सरळ वर जाऊन मग मोडला तर खाली शांत आहे पण वर वारा आहे. बुडापासूनच आडवा झाला तर आज काही खरं नाही, घरी बसा. आमच्याकडे त्या धुराला सगळे शिव्या घालायचे, दोरीवरचे कपडे पिवळे पडायचे त्याने. मी एकटीच रोज सकाळी उठून आधी धुराकडे बघायची. बाबा एकदा म्हणाले, "आमच्या कंपनीचं कौतुक करणारी खरवईत तू पहिलीच." त्यांचा तो एक विनोद मला अजून आठवतो.

आम्ही उडवायचो सकाळी, ऊन चढायच्या आत. तेव्हा वारा पडलेला असतो, नेम बसतो. भात कापून झालेला असायचा, घराजवळच्या शेतात नुसती धसकटं, आणि त्यांच्यावर दव. पायातली चप्पल भिजून पचपच वाजायची. नाना चुन्याची पिशवी घेऊन गोल आखायचा. त्याला गोल काही यायचा नाही, लांबट व्हायचा, मग म्हणायचा, "अंड्याचाच आकार काढलाय गो मी मुद्दाम, त्याला घरच्यासारखा वाटल." शेताच्या खालच्या अंगाने विजेची मोठी लाइन गेली होती. तारा दोन खांबांमध्ये इतक्या झोळ खाऊन लोंबत होत्या की पेंढ्याचा ट्रॅक्टर तिथून नेताना माणूस आधी खाली उतरून बघायचा. गावाने अर्ज केले होते, वीज बोर्डाचे साहेब येऊन बघून गेले होते. मी गोल नेहमी त्या तारांपासून लांब, वरच्या बांधाकडे आखायला लावायची. नेम जमत गेला. आधी गोलाबाहेर, मग गोलाच्या कडेवर, आणि मग एका सकाळी ते गुलाबी पॅराशूट सावकाश खाली आलं आणि बाटली चुन्याच्या मधोमध टेकली. नानाने अंडं काढून कानाशी हलवून बघितलं आणि शेतात नाचायला लागला. त्या अंड्याची आईने भुरजी केली नाही, उकडून मला दिलं. आजवर इतकं चविष्ट अंडं मी खाल्लेलं नाही, उगाच नाही म्हणत.

स्पर्धेला थोडेच दिवस उरले होते तेव्हा बाबांच्या कंपनीत शटडाउन लागलं. वर्षातून एकदा सगळं बंद करून टाक्या धुतात, तसलं. चिमणी थंड पडली. आईने आनंदाने चादरी धुवायला काढल्या. मी सकाळी ओट्यावर आले तर समोर नुसतं स्वच्छ आकाश, त्यात बघण्यासारखं काहीच नाही. शेतात कापडाची चिंधी काठीला बांधली, ती हलेना. धूळ उडवली, ती पायाशीच पडली. नाना म्हणाला, "वाराच नाय. सरल वर जाल न सरल खाली येल." मलाही तेच वाटलं. सळई सरळ ठेवली. रॉकेट सुंदर सुटलं. वर जाऊन पॅराशूट फुललं, आणि मग आम्ही दोघं मान वर करून बघत राहिलो, कारण ते खाली येतच नव्हतं, ते चाललं होतं. वर वारा होता. खाली चिंधी मेल्यासारखी लोंबत होती आणि वर ते गुलाबी पॅराशूट आरामात खालच्या अंगाला, तारांकडे चाललं होतं. आम्ही धावलो. धावून काय उपयोग! दोऱ्या तारेभोवती गुंडाळल्या आणि बाटली खाली झुलायला लागली.

आता जे सांगते ते नीट सांगायला हवं, कारण ते बघायला तिथे आम्ही दोघंच होतो. नाना तारेखाली जाऊन वर बघत म्हणाला, "अंडा फुटला नाय बग!" खरंच नव्हतं फुटलं, कापसातून त्याचं टोक दिसत होतं. मी म्हटलं, "राहू दे नाना. चल घरी." तो म्हणाला, "राहू दे कसा? आज नाय काढला त उन्हानं दोऱ्या जलतील. मी झेला आनतंय." झेला म्हणजे आंबे उतरवायचा लांब बांबू, टोकाला जाळी असलेला. मी म्हटलं, "नको. बोर्डात फोन करू. सर ओरडतील. मी दुसरं बनवीन." मी त्याचा शर्टही धरला. त्याने माझा हात सोडवला, हसत हसत, आणि गेला घराकडे. आमच्याकडे संक्रांतीला तारेवर अडकलेले पतंग याच झेल्याने काढतात. बाबांनी काढले, नानाने काढले, गावातल्या प्रत्येक बाप्याने काढले, आणि बघणाऱ्या प्रत्येक पोराला सांगितलं की बांबूला करंट लागत नाही. बरोबर आहे, नाही लागत. संक्रांतीच्या दुपारी, उन्हात कडकडीत वाळलेल्या बांबूला नाही लागत. हा झेला आंब्याला टेकवून रात्रभर बाहेर उभा होता. दवाने निथळत होता. नाना तो खांद्यावर घेऊन आला तेव्हा त्याच्या शर्टाची एक बाजू ओली झाली होती, मला ती दिसली, आणि मला काहीही सुचलं नाही, कारण मलाही तेच शिकवलं होतं. वाऱ्याच्या शांततेसाठी आम्ही सकाळ निवडली होती. दव त्याच सकाळचं. मी पुन्हा म्हटलं, "नाना, नको ना रे." तो म्हणाला, "कनाला घाबरतंस? पतंग काय आज काढतंय मी?" आणि त्याने झेला वर केला.

आवाज झाला तो फार मोठा नव्हता. कापड फाटावं तसा. झेला नानाच्या हातातून सुटून तो बांधाच्या पलीकडे जाऊन पडेपर्यंत मध्ये काय झालं ते मी लिहिणार नाही. वास आला, तोही लिहिणार नाही. मी ओरडले की नाही मला माहीत नाही. समोरच्या टॉवरचे मजूर धावत आले, त्यांनीच त्याला उचललं, त्याच्याच टेम्पोत घातलं, आणि त्यातल्या एकाने टेम्पो मागे घेतला तेव्हा ती धून वाजली. आई हातात भाकरीचं पीठ घेऊन ओट्यावर आली.

उल्हासनगरच्या दवाखान्यातून त्याला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं, हात ठेवले तर माणूस जाईल. उजवा कोपराच्या वरून गेला, डावा मनगटाच्या वरून. बाबा बाहेरच्या बाकावर बसून नुसते स्वतःच्या हातांकडे बघत होते. आठवड्याने मला वॉर्डात नेलं. नानाच्या उशाशी माणसं जमली होती, गावची, टेम्पो स्टँडची, माझी आत्या कर्जतहून आली होती. सगळे एकच विचारत होते, कसं झालं रे, एवढा शहाणा तू, तारेला काठी लावलीस? मग आत्याने पदर डोळ्याला लावून पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पोर रराय लागली. तिचा ररना मना बगवत नाय." मी पायथ्याशी उभी होते. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी नानाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

मी रडले नव्हते. एक टिपूस नाही. मी नको म्हटलं होतं, शर्ट धरला होता. पण दोन्ही हातांना पांढऱ्या गाठी बांधून पडलेल्या माणसासमोर, सगळ्या नातेवाइकांदेखत, "नाना, तू खोटं बोलतोस" असं कुठलं तोंड घेऊन म्हणणार होते? गप्प बसले. आणि एकदा गप्प बसलं की झालं, ते खरं होतं. आत्या जिन्यात म्हणाली, "पोरीचा हट्ट, माझ्या भावाचे दोन्ही हात घेऊन गेला." गावात ते तसंच पसरलं. नळावर बाया माझ्याकडे बघून बोलणं थांबवायच्या. बाबांनी माझी सगळी रॉकेटं, पुठ्ठे, पंखांचे साचे मागच्या चुलीत घातले. मला एक शब्द बोलले नाहीत, बोलले असते तर मी भांडले तरी असते. सर घरी आले, ओट्यावरूनच परत गेले. पुढे माझं नाव कॉमर्सला घातलं, जवळचं कॉलेज म्हणून. राग येत होता मला, संताप, रात्रंदिवस. सगळ्यात जास्त नानाचा. ज्याच्यासाठी जीव तुटत होता त्याचाच. हे दोन्ही एका पोटात कसं मावतं ते मला विचारू नका, मावतं.

एकदाच मी आईला सांगितलं. ती वाल सोलत होती. म्हटलं, "आई, मी रडले नव्हते गं. मी त्याला नको म्हणत होते." तिने वर पाहिलं नाही. भिजलेला एक वाल चिमटीत दाबून साल बाजूला टाकली आणि म्हणाली, "मला ठाऊक आहे. तू लहानपणी पाय मोडला तेव्हासुद्धा रडली नव्हतीस." मला वाटलं आता ती उठेल, बाबांना सांगेल, आत्याला फोन करेल. ती म्हणाली, "पण आता गप बस, दर्शू." आणि पुढचा वाल घेतला. मी ताटली भिरकावून दिली. तिने सगळे वाल पुन्हा गोळा करून धुतले.

नाना घरी आला. टेम्पो विकला. त्याला आंघोळ बाबा घालायचे, बाकीचं आई, आणि जेवण भरवणं माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळे धरूनच चालले होते की ते माझं आहे, फेडणं माझ्याकडे आहे. दोन्ही वेळ मी ताट घेऊन त्याच्यासमोर बसायची. बोंबलाचं कालवण भातात कालवायचं, मासा असला तर काटे काढायचे, घास बोटांनी नीट करायचा. त्याला फार मोठा घास आवडायचा नाही. पाणी गळलं की तो मान वळवून खांद्याला तोंड पुसायचा, मला पुसू द्यायचा नाही. जो माणूस दोघांचं मिळून बोलायचा तो आता बाबांसारखाच झाला. आम्ही शेताबद्दल कधी बोललो नाही. त्या काळात मी मनातल्या मनात एक भाषण तयार केलं होतं, रोज त्यात भर पडायची. तू मला चोर ठरवलंस. तू माझं शिक्षण घेतलंस. तुझी मस्ती, तुझी ऐट, आणि नाव माझं. हे सगळं मी त्याला एक दिवस ऐकवणार होते. घास भरवताना मी ते घोकत असायची. आज मागे वळून बघताना वाटतं, तेवढ्या भाषणावरच मी ती वर्षं काढली.

मी नोकरीला लागले, अंबरनाथला एका ऑफिसात, तरी दुपारचं जेवण सुट्टीच्या दिवशी माझ्याकडेच असायचं. अशाच एका रविवारी घरात आम्ही दोघंच होतो. आई-बाबा जांभूळला एका साखरपुड्याला गेले होते. नानाला कुणीही समारंभाला न्यायचं नाही, तो जायचाही नाही. मी ताट घेऊन बसले. त्याने दोन घास खाल्ले आणि मग तोंड मिटून घेतलं. मला वाटलं काटा लागला. "काय झालं?" तो माझ्याकडे बघत होता, सरळ, इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं तसं. केस पांढरे झाले होते त्याचे, दाढी बाबांनी वेडीवाकडी केली होती. म्हणाला, "बाय, एक ईचारू? खरा सांग." मी म्हटलं, "विचार." शर्टाच्या रिकाम्या बाह्या आई पिनेने दुमडून ठेवायची, त्यातली एक त्याने ताटाच्या कडेला टेकवली. "त्या दिशी," तो म्हणाला, "तू ररली नव्हतीस ना?"

आलं की नाही तोंडापर्यंत सगळं! भाषण पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत समोर उभं होतं. एवढी वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होते मी, आणि तो त्याने स्वतःच विचारला होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते किंचित उघडं राहिलं होतं, आणि त्याच्या डोळ्यात अशी भीती होती जी मी त्या सकाळीही पाहिली नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर त्याच्याकडे काय उरलं असतं? दोन हात गेलेले, एका अंड्यासाठी, कुणी मागितलेलं नसताना.

"रडले होते की," मी म्हटलं. "केवढ्यांदा रडले. शेताच्या बाहेर आवाज गेला असेल. तुला आठवत नाही?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने विश्वास ठेवला का? मला आजही सांगता येणार नाही. माझा राग त्या दिवशी गेला नाही, तो नंतरही गेला नाही, नाना गेल्यावरही थोडा शिल्लक आहे.

"हां," तो म्हणाला. "ररलीस. मनाच उगा तसा वाटला."

मग त्याने तोंड उघडलं, आणि मी घास भरवला.